डोळा भरून: नागपूरची गर्दी आणि नामवंत माणसे

प्रसिद्ध माणसाला पाहायला लोक का धावतात, या प्रश्नाचे एक जुने उत्तर नागपूरच्या महाल भागात सापडते. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने राज्य खालसा केले, राजघराण्याचे जडजवाहीर लिलावात निघाले, आणि दत्तक आलेल्या जानोजींच्या वाट्याला पुढे ‘राजे बहादूर’ हा किताब आणि देऊरचे इनाम आले. राज्य आले नाही. हुकूम चालत नव्हता, फौज उरली नव्हती, सारा वसूल करण्याचा अधिकार गेला होता. तरीही शहराने या घराण्याला राजे म्हणणे आजतागायत सोडलेले नाही, आणि वाड्याभोवतीच्या वस्तीचे नाव अजून महालच आहे. भीती संपली, फायदा संपला, तरी लोकांची नजर त्या दाराकडे वळत राहिली. प्रसिद्धीचा विचार इथूनच सुरू करावा लागतो, कारण सत्ता वजा केल्यावर जे शिल्लक राहते तीच प्रसिद्धी.

मराठीत दरारा आणि मान हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतला फरक मानववंशशास्त्रालाही महत्त्वाचा वाटलेला आहे. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या अभ्यासकांनी २००१ मध्ये असे मांडले की, प्राण्यांच्या कळपात दुबळा बलवानापासून दूर पळतो. माणसांत मात्र याच्या जोडीला एक उलटी ओढही दिसते. जो आपल्या कामात तरबेज आहे त्याच्याजवळ लोक आपखुशीने जातात, त्याची सेवा करतात, त्याच्याकडे टक लावून पाहतात, कारण कसब शिकायचे तर जवळ राहावे लागते. उत्तम विणकराच्या मागाशेजारी बसल्याशिवाय त्याच्या हाताची लय कळत नाही. पण त्याचे यश नेमके कशात आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून तो हाताबरोबर पागोट्याची ढबही उचलतो. शिवाय तरबेज कोण हे स्वतः पारखण्याइतका वेळ कोणाजवळ असतो? ज्याच्याभोवती आधीच चार माणसे उभी आहेत, त्याच्याकडे पाचव्याचे पाय वळतात. गर्दीला गर्दी खेचते ती यामुळे.

या ओढीला आपल्याकडे दर्शनाचे वळण मिळालेले आहे. देव दर्शन देतो आणि माणूस ते घेतो. पाहणे हे इथे नुसते पाहणे नसून काहीतरी पदरात पाडून घेणे आहे. पंढरपुरात आजही मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी. दुरून पाहून समाधान मानणारे थोड्या वेळात बाहेर पडतात. पायाला हात लागावा म्हणून तासन् तास उभे राहणारेही असतात. नामवंतांभोवतीच्या गर्दीतही पुढे हेच दोन प्रकार दिसत राहतात.

नागपुरात या दर्शनवेडाचे पहिले मोठे केंद्र ठरले ते एक फकीर. ताजुद्दीन यांचा जन्म १८६१ मध्ये कामठीचा. तरुणपणी ते पलटणीत होते. सागरला असताना त्यांनी नोकरी सोडली आणि कामठीला परतले. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही, बोलणे तुटक, रस्त्यावर फिरणे. वेडा म्हणून पोरांनी त्यांना दगड मारल्याचे चरित्रकार सांगतात. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. सोळा वर्षे ते तिथे होते, आणि याच काळात इस्पितळाच्या फाटकाशी लोकांची रीघ लागू लागली. कोणाला आजार होता, कोणाचा मुलगा परागंदा झाला होता, कोणाचा दावा कोर्टात अडकला होता. बाबांच्या तोंडून पडलेल्या एखाद्या तुटक शब्दाचा अर्थ लावत माणसे घरी जात. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी सरकारकडे जामीन भरून बाबांना सोडवले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवले. राज्य नसलेल्या हिंदू राजाने घर नसलेल्या मुसलमान फकिराला वाडा दिला, ही नागपूरच्या इतिहासातील मनाला फार भिडणारी घटना आहे. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे देहावसान झाले. उमरेड रस्त्यावरील ताजाबाद दर्ग्यात आजही सर्व धर्मांचे लोक येतात.

दगड मारणारे आणि पाया पडणारे एकाच शहराचे रहिवासी होते. भक्तांच्या दृष्टीने बाबा पहिल्यापासून तेच होते. बदलले ते पाहणाऱ्यांचे डोळे. थोरवी आतली असो वा नसो, प्रसिद्धी मात्र नेहमी बाहेरची असते, ती पाहणाऱ्यांनी बहाल केलेली असते. आणि बाबांजवळ जाणाऱ्यांना फक्त पाहायचे नव्हते. त्यांच्या संकटाला ऐकणारे कोणीतरी हवे होते. ज्या माणसाचा शब्द कचेरीत ऐकला जात नाही, सावकाराच्या ओट्यावर ऐकला जात नाही, त्याला एखाद्या मोठ्या माणसाच्या नजरेत क्षणभर आपण आलो याचेच अप्रूप वाटते. प्रसिद्ध माणसाला पाहण्याइतकीच त्याने आपल्याला पाहावे ही इच्छा तीव्र असते.

बाबांची कीर्ती तोंडोतोंडी पसरली. पुढच्या पिढीत हे काम छापखान्याने हाती घेतले. नागपुरात १९११ पासून ‘हितवाद’ आणि १९१४ पासून गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ निघू लागले होते. चेहरा दिसण्याआधी नाव घरात येऊ लागले. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले तेव्हा चौदा हजारांवर प्रतिनिधी आले. ज्या भागात मांडव पडला तो आजचा काँग्रेसनगर. अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर होते, पण नजरा गांधींवर होत्या. असहकाराच्या ठरावाला विरोध करायला बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि त्यांनी रिवाजाप्रमाणे ‘मिस्टर गांधी’ असा उल्लेख केला. मांडवातून ओरडा उठला: महात्मा म्हणा. यात विरोधी मत बोलणाऱ्यावरची दांडगाई होती, हे मान्य करायला हवे. जिना त्यानंतर काँग्रेसमधून बाहेर पडले. पण प्रसिद्धीच्या इतिहासात हा प्रसंग मोलाचा आहे. जानोजींना ‘राजे बहादूर’ हा किताब सरकारने दिला होता. ‘महात्मा’ हा किताब लोकांनी उचलून धरला होता आणि तो कोणी कमी करू पाहिला तर तो आपलाच अपमान आहे असे मांडवातल्या माणसाला वाटत होते.

खुद्द गांधींना या प्रेमाचा जाच होता. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात दर्शनार्थी लोकांनी एक क्षण मोकळा ठेवला नाही, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे, आणि या आंधळ्या प्रेमाचा आपल्याला राग येई याची कबुलीही दिली आहे. पुढे ते नागपूरजवळच्या वर्ध्याला आणि १९३६ पासून सेवाग्रामला राहू लागले. स्वाक्षरी मागणाऱ्यांकडून ते हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत. त्या काळी पाच रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती, तरी वह्या पुढे येतच राहिल्या. पायाला हात लावणे जमले नाही, तर त्या हातातून उतरलेली शाई तरी घरी न्यावी, ही जुन्या पदस्पर्शाचीच नवी रीत होती.

याच सुमारास नागपूरचा एक मुलगा अशा क्षेत्रात नाव काढत होता जिथे आशीर्वाद मागायचा नव्हता की मागण्या मांडायच्या नव्हत्या. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के. नायडू, यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात, तेलुगू भाषिक सधन घराण्यात झाला. १९१६ पासून ते मुंबईच्या सामन्यांत हिंदू संघातून खेळत होते. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला नेले. पण देशभर त्यांचे नाव झाले ते १ डिसेंबर १९२६ रोजी. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदूंशी खेळत होता. आदल्या दिवशी इंग्रजांच्या गाय अर्लने षटकारांची बरसात केली होती. नायडू खेळायला आले आणि दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा केल्या; त्यांत ११ षटकार होते. त्या दिवसाच्या वर्णनांत असे येते की शहरात बातमी पसरली तशी माणसे कामधंदा टाकून मैदानाकडे निघाली, झाडांवर आणि आसपासच्या छपरांवर चढली. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

या षटकारांचा अर्थ मैदानाबाहेरचा होता. कचेरीत गोऱ्या साहेबापुढे मान खाली घालून उभा राहणारा कारकून त्या दिवशी झाडावर बसून पाहत होता की आपल्यासारखा एक माणूस साहेबाच्या चेंडूला मैदानाबाहेर धाडतो आहे, आणि साहेब त्यावर टाळ्या वाजवतो आहे. स्वतःच्या आयुष्यात जे करता येत नाही ते दुसऱ्याच्या हातून घडताना पाहणे, हे नामवंतांच्या ओढीचे बहुधा सर्वांत बळकट कारण आहे. १९३२ मध्ये भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला गेला. कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. लॉर्ड्सच्या कसोटीत दोघेही बाजूला राहिले आणि नेतृत्व नायडूंकडे आले. राजेरजवाड्यांच्या संघाचा कर्णधार एक बिनमुकुटाचा माणूस झाला, याचे काही खेळाडूंना वैषम्य वाटले. सामान्य रसिकाला नेमके तेच आवडले. त्या दौऱ्यात नायडूंनी ३२ षटकार मारले आणि १९३३ च्या ‘विस्डेन’ या क्रिकेट-वार्षिकाने वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. नागपूर सोडून दहा वर्षे होत आली होती, घरची भाषा तेलुगू होती, नोकरी होळकरांची होती. तरी नागपूरसाठी ते आपले सी. के. होते. नामवंत माणूस आपल्या गावचा निघाला की गावातल्या प्रत्येकाला आपली उंची बोटभर वाढल्यासारखी वाटते.

१९४१ मध्ये नायडूंचे नाव बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत आले. मालाच्या जाहिरातीसाठी नाव देणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. चेंडू टोलावण्याचा आणि यकृताच्या औषधाचा संबंध काय, असे विचारणारे थोडे; बाटली घेणारे पुष्कळ, हा जाहिरातीचा हिशेब. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासून दाखवले होते की, एका गुणात माणूस चांगला वाटला की इतर गुणांतही तो चांगलाच वाटू लागतो. देवाच्या तसबिरीत मस्तकामागे वलय असते, तसे हे वलय त्याच्या प्रत्येक गोष्टीवर पडते. विणकराच्या पागोट्याची जी ढब शिकाऊ मुलगा उचलत होता, तीच आता बाटलीत भरून विकली जाऊ लागली.

नायडू वयाच्या ६८व्या वर्षापर्यंत प्रथम दर्जाच्या सामन्यात उतरले आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला वारले.

सिनेमा आणि रेडिओने या ओढीला आणखी एक वळण दिले. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. सीताबर्डीतल्या एका चित्रपटगृहाने तर चौकाला आपले नाव दिले, आणि व्हरायटी चौक हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगितले की पुरते. पडद्यावरचा चेहरा घरातल्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा जवळून दिसतो. रेडिओवरचा आवाज स्वयंपाकघरात येऊन बोलतो. अमेरिकेतील डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये या एकतर्फी ओळखीचा अभ्यास मांडला: निवेदक सगळ्यांशी बोलत असतो, पण प्रत्येक ऐकणाऱ्याला तो आपल्याशीच बोलतो असे वाटते, आणि मैत्रीची भावना खरीच निर्माण होते, फक्त एका बाजूने. फर्माईशींच्या कार्यक्रमात तर आणखी काही मिळे. गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावे वाचली जात. झुमरीतलैया हे छोटे गाव अशा पत्रांमुळेच साऱ्या देशाला ठाऊक झाले. गाणे कुठेही ऐकता आले असते. आपले नाव गायिकेच्या नावाशेजारी उच्चारले जावे, यासाठी पोस्टकार्ड टाकले जाई.

त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, नागपुरात जमलेला समुदाय या सगळ्यापासून निराळा होता आणि त्याला वेगळेच ठेवून पाहायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा मुक्काम सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात होता. शहरात रेल्वेने, बैलगाडीने, पायी, पांढरी वस्त्रे नेसून लाखो माणसे आली. बाबासाहेबांना डोळा भरून पाहावे ही ओढ त्यांच्यात निश्चित होती. पण थोर पुरुषांच्या पूजेविषयी त्यांच्याइतका खोल विचार करणारा दुसरा पुढारी त्या काळात क्वचितच होता. १९४३ मध्ये पुण्यात न्या. रानड्यांवरील भाषणात त्यांनी थोर माणसाविषयी आदर व्यक्त करणे आणि डोळे मिटून त्याची आज्ञा पाळणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला होता की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेऊ शकेल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. दीक्षाभूमीवर त्यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या समुदायाला उभे राहायला सांगून त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. प्रत्येकाने त्या स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. पाहायला आलेला माणूस तिथून काहीतरी करण्याची जबाबदारी घेऊन गेला. आजही दरवर्षी दीक्षाभूमीवर येणारे लोक परतताना पिशव्या भरून पुस्तके नेतात. नामवंताच्या ओढीचे इतके सत्कारणी लागलेले दुसरे उदाहरण नागपूरच्या इतिहासात नाही.

क्रिकेटचे वेड मात्र वाढतच गेले. ३१ ऑक्टोबर १९८७ ला, योगायोगाने नायडूंच्याच जन्मतारखेला, सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना झाला. चेतन शर्माने लागोपाठ तीन त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. मग अंगात ताप असलेल्या सुनील गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले एकदिवसीय सामन्यातले हे एकमेव शतक. मैदानात मावली असतील त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे पुढे पानठेल्यावर आपण त्या दिवशी तिथे होतो असे सांगत आली. त्यांना खोटे बोलायचे नसते. त्यांना त्या दिवसात आपला वाटा हवा असतो. रॉबर्ट चाल्डिनी याने १९७६ मध्ये दाखवले की अमेरिकी विद्यापीठांतले विद्यार्थी आपला संघ जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ म्हणतात आणि हरल्यावर ‘ते हरले’. पानठेल्यावर बसणाऱ्याला हा अभ्यास नवा वाटणार नाही. तिथे तासभर रंगणारी चर्चा नामवंतांचीच असते, कारण अनोळखी दोघांना एकदम बोलता येईल असा दुसरा समाईक नातेवाईक शहरात नसतो.

या गर्दीतल्याच मुलांकडे कॅमेरा वळला तो नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे केले. ती ही गोष्ट. त्यांच्यावर बेतलेली भूमिका करण्यासाठी अमिताभ बच्चन नागपुरात आले तेव्हा त्यांना पाहायला झुंबड उडाली. ४ मार्च २०२२ ला चित्रपट आला. त्यातली मुले नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेली होती, आणि त्यांच्यापैकी अंकुश गेडामला पुढच्या वर्षी पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

नागपूरच्या गर्दीने नाव दिले तसे ते काढून घेण्याचा हक्कही आपल्याकडे ठेवला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी परिसरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची सुरुवात १८८१ ची आणि पिवळीची १८८५ ची सांगितली जाते. बांबू, कागद आणि रंग यांच्या या धिप्पाड मूर्ती. पिवळीची आधी काही दिवस पूजा होते, लेकराबाळांना तिच्यापुढे आणतात. काळीचा संबंध लोकस्मृतीने बाकाबाईशी जोडला आहे. दुसऱ्या रघुजींची ही राणी इंग्रजांना मिळाली, असा तिच्यावर ठपका आहे. इतिहासकार तिच्या अडचणींचा विचार करतील. मिरवणुकीत तो होत नाही. मारबतींच्या मागून बडग्ये येतात. ते त्या त्या वर्षीच्या नावाजलेल्या माणसांचे आणि जाचांचे पुतळे: कधी एखादा पुढारी, कधी घोटाळेबाज, कधी दहशतवादी, कधी महागाई किंवा रोगराई. गळ्यात पाटी असते, कारण कागदी चेहरा ओळखू येईलच असे नाही. अरुंद गल्ल्यांतून, गच्च्यांवर आणि सज्ज्यांत दाटलेल्या लोकांमधून त्यांची धिंड निघते आणि इडापिडा घेऊन जा अशी हाक देत त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात.

धिंड पाहायला तीच माणसे येतात जी एरवी मोटारींच्या ताफ्यामागे धावतात. बडग्या व्हायलाही आधी प्रसिद्ध असावे लागते. अनोळखी माणसाचा पुतळा कोणी करत नाही. कुठल्या वर्षी कोणाचा बडग्या निघणार हे तरुण मंडळे ठरवतात, आणि मिरवणुकीआधी गल्लीत त्याच नावांची चर्चा असते. काळी आणि पिवळी दर वर्षी त्याच नावाने परत येतात. बडग्याच्या गळ्यातली पाटी दर वर्षी नवी लिहावी लागते.